अंगावर पिणारं लेकरू बाटली घेत नाही : तुमच्या घरचे अनुभव सांगा

माझा मुलगा आज पाच महिने सहा दिवसांचा झाला. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. घर ते शाळा अठरा किलोमीटर. स्कूटीनं पाऊण तास लागतो, कारण मधला रस्ता नुसता खडीचा आहे. माझी १८० दिवसांची रजा जूनच्या शेवटी संपते, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी उघडतातही त्याच सुमारास. म्हणजे हातात तीन आठवडे उरले.

साडेनऊला निघायचं, साडेपाचला परत. हे आठ तास लेकरू सासूबाईंजवळ राहील. त्यांच्याकडे ते मजेत राहतं, त्यांच्या मांडीवर झोपतंही. फक्त दूध माझ्याच अंगावर प्यायचं, हा त्याचा हट्ट. माझंच काढलेलं दूध बाटलीत घालून दिलं की निपल जिभेनं बाहेर ढकलतो, हिरड्यांनी चावतो, आणि मग असा रडतो की उचकी लागते. यवतमाळहून तीन प्रकारच्या बाटल्या आणल्या. तिन्ही तशाच पडून आहेत.

घरात जो तो वेगळं सांगतो. एक काकू म्हणतात, दोन दिवस माहेरी निघून जा, भूक लागली की झक्कत घेईल. आई म्हणते, निपलला मध लाव. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण मी बाटली उकळायला ठेवली की त्यांचा चेहरा उतरतो. मला रात्री झोप लागत नाही. ज्यांच्या घरी जमलं त्यांनी कसं जमलं ते सांगा. ज्यांच्या घरी जमलंच नाही त्यांनी तर नक्की सांगा, मग पुढे काय केलं ते मला ऐकायचं आहे.

आरोग्यसेविका, अमरावती जिल्हा

ताई, सगळ्यात आधी मध. एक वर्षाच्या आत लेकराला मध द्यायचा नाही, बोटानं चाटवायचाही नाही. मधात असे जंतू असू शकतात की मोठ्यांना काही होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

आता दुसरं. मी उपकेंद्रावर काम करते, आणि नोकरीच्या जागी मी कुणालाही बाटली घ्या असं सांगत नाही. आम्ही वाटी-चमचा शिकवतो. दुधाच्या बाटलीची आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानंच मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. खेड्यात बाटली नीट उकळली जात नाही आणि लेकरांना हगवण लागते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण मी स्वतः आई झाले, ड्युटी सुरू झाली, तेव्हा माझ्या घरी बाटलीच होती. म्हणून हे आई म्हणून लिहिते.

माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी बाटली पुढे केली आणि तिनं तोंड फिरवलं. नंतर समजलं की मी उशीर केला होता. पहिले दोन-तीन महिने ओठाला काही लागलं की बाळ आपोआप चोखतं, ते त्याच्या हातात नसतं. तीन-चार महिन्यांनंतर ती आपोआपची ओढ कमी होते आणि बाळ स्वतः ठरवतं. म्हणून अंगावर पिणं नीट बसलं, वजन वाढू लागलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर अधूनमधून थोडं थोडं देऊन ठेवलेलं बरं पडतं. तुमची ती वेळ गेली, पण त्यात तुमचा काही दोष नाही. सहा महिने अंगावरच पाजा हे आम्हीच तर सांगत असतो.

अंगावर पिताना बाळाला जबडा आणि जीभ लावून ओढावं लागतं, आणि दूधही पान्हा फुटल्यावरच जोरात येतं. बाटलीतून ते आपसूक गळतं. बाळ गोंधळतं, ठसकतं, घाबरतं. मी सगळ्यात कमी धारेचं निपल घेतलं. मुलीला आडवी न घेता मांडीवर बसती धरायची. बाटली उभी न धरता जवळजवळ आडवी धरायची, म्हणजे निपल अर्धंच भरतं आणि तिला ओढावं लागतं. पाच-सहा घोट झाले की बाटली खाली. पुन्हा मागितलं तर पुन्हा. निपल आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यायचं, थंड रबर कोणाला आवडेल? आणि तोंडात कोंबायचं नाही. वरच्या ओठाला टेकवून थांबायचं, तिनं तोंड उघडलं तरच आत.

पण खरा फरक पडला तो मी घरातून बाहेर गेल्यावर. मी नुसती दुसऱ्या खोलीत असले तरी तिला समजायचं. मी शेजारी जाऊन बसायची आणि माझे दीर तिला घ्यायचे. बाराव्या दिवशी तिनं तीस मिली घेतलं. दीर मला सांगायला धावत आले, बाटली हातात तशीच.

शेतकरी, अकोला जिल्हा

मी बाप आहे, म्हणून लिहू की नको असं वाटत होतं. बायको ग्रामसेविका आहे. तिची ड्युटी सुरू झाली तेव्हा पेरणी आटोपली होती, डवरणीला अजून वेळ होता, म्हणून दिवसा पोरगी माझ्याजवळ.

पहिले चार दिवस पोरीला तिची आई जशी घ्यायची तशीच मी घेत होतो, आडवी, छातीशी. पोरगी माझ्या बंडीला तोंड लावायची आणि नाही सापडलं की आकांत करायची. मग पाचव्या दिवशी मी तिला उलटी धरली, पाठ माझ्या पोटाला, तोंड बाहेर. गोठ्यात गेलो. गाय, वासरू, चिमण्या, सगळं दाखवत हिंडत होतो आणि हिंडता हिंडता बाटली लावली. तिचं लक्ष वासराकडे. चोखायला लागली, तेव्हा मी जागच्या जागी थांबलो तर तिनं सोडून दिली. पुन्हा चालायला लागलो तर पुन्हा घेतली. मंग काय, पंधरा मिनिटं गोठ्यात चकरा. पाय दुखले पण मन भरून आलं.

दोन आठवडे ती फक्त गोठ्यातच दूध प्यायली. पाऊस असला की मी डोक्यावर घोंगडी घेऊन जायचो. नंतर ओसरीवर, नंतर बंगईवर, आणि शेवटी खाटेवर बसून. आता दीड वर्षाची आहे, वासराला हाक मारते.

एक सांगतो, तिची आई निघताना लपून जायची, रडू नये म्हणून. ते आम्ही बंद केलं. आई समोरून जाते, हात हलवते, रडू दोन मिनिटांत थांबतं. लपून गेली की पोरगी दिवसभर दार बघत राहायची.

आजी, वर्धा जिल्हा (सांगणं आजीचं, लिहिणं नातीचं)

माहं वय सत्तर. मले तीन पोरं, पाच नातवंडं. माह्या येळी बाटली कोणाजवळ होती? पऱ्हाटीत कापूस येचाले जाओ तं लेकरू झोळीत, झोळी बाभळीले. रडलं का येऊन पाजलं. आता सुनबाई पंचायतीत कामाले जाते. मी तिले म्हटलं, गायीच्या दुधात पाणी टाकून दे, आमची लेकरं अशीच वाढली. आशाताई घरी आली होती, तिनं मले बसवून सांगतलं. एक वर्षापर्यंत गायीचं दूध मुख्य पिणं म्हणून द्याचं नाही, लेकराच्या रक्तातलं लोह कमी होते आणि पोटाले झेपत नाही. आन पाणी टाकलं तं त्यातला कस जाते, लेकरू फुगल्यासारखं दिसते पर वजन वाढत नाही. मले राग आला होता तवा. मंग मनात आलं, माहं दुसरं पोरगं तसंच किरकिरं होतं बारा महिने. कोणाले माहीत होतं?

नात बाटली घेत नव्हती. सुनबाई दूध काढून ठेवून जाये. मी काय केलं, तिची घातलेली साडी धुयाले टाकू देल्ली नाही. ती आंगावर पांघरून बसाची, आन वाटीनं पाजाची. चमच्यानं पयले. मंग चमचाही नको, वाटीची कड खालच्या ओठाले टेकवाची, दूध फक्त ओठाले लागलं पायजे, आत ओताचं नाही. लेकरू मांजरीच्या पिलावानी जिभेनं लपलप घेते. ओतलं तं ठसका लागते, थे ध्यानात ठेवा. पयल्या दिवशी अर्धं दूध माह्या लुगड्यावर सांडलं. आठव्या दिवशी वाटी पायली का हातपाय हलवाले लागली.

मास्तरीण बाई, तुमच्या सासूबाईचा चेहरा उतरते म्हणता. त्याहिले इचारा, वाटीनं पाजाल का? बाटली नवी हाये त्याहिले. वाटी नाही.

मोबाईलवर लिहिणारी, वाशिम जिल्हा

आजींचं वाचून रडू आलं. माझ्या आईला दाखवते.

बुलढाणा जिल्हा

तुमच्या काकू म्हणतात तसं मी केलं होतं, ते लिहिते. कृपा करून करू नका.

माझी स्पर्धा परीक्षा होती, केंद्र अकोल्याला. मुलगा साडेचार महिन्यांचा. त्याआधी बाटली दोनदाच दाखवली होती. सगळे म्हणाले, तू समोर नसलीस की घेईल. सकाळी सहाला पाजून निघाले. एप्रिलचा महिना, बाहेर ४३ डिग्री. घरी आई आणि बहीण. दुपारी एकपर्यंत त्यानं एक थेंब घेतला नाही. बहिणीनं मला फोन केला नाही, पेपर बिघडेल म्हणून. तीन वाजता तो रडायचाही थांबला, तेव्हा त्यांना वाटलं शांत झाला. साडेचारला मी घरी पोहोचले. सकाळपासून लंगोट एकदाच ओला झाला होता. टाळू खोल गेली होती, तोंड कोरडं, हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले.

मी छातीशी धरला तर त्याला ओढायचीही ताकद नव्हती. दूध पिळून चमच्यानं तोंडात घातलं आणि तसंच तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. रात्रभर तिथे होतो. सुधारला. आज चार वर्षांचा आहे, ठणठणीत. पण तो लंगोट मी विसरत नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते लिहिते. एवढं लहान बाळ दिवसाला निदान सहा वेळा तरी लघवी करायला हवं. सुस्त झालं, टाळू खोल गेली, रडताना आसवं येत नाहीत, की वाट पाहायची नाही. उपाशी ठेवून शिकवायचं हे बाळाच्या बाबतीत होत नाही. हट्टी बाळ खरंच घेत नाही. पहिली फेरी एक तासाची करा, मग दोन, मग तीन. माझ्यासारखी थेट दहा तासांची नको.

आरोग्यसेविका, अमरावती जिल्हा

ताई, हे लिहिलंत, फार बरं केलंत. एक जोडते. अशा उन्हात घरोघरी लेकराला घोटभर पाणी पाजतात. सहा महिन्यांच्या आत पाणी नको, आपल्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं पोट भरतं आणि दूध कमी जातं. उन्हाळ्यात जास्त वेळा अंगावर घ्या आणि पाणी आईनं प्या.

धानपट्ट्यातली, गोंदिया जिल्हा

दूध काढून ठेवण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे फ्रीज नाही आणि वीज सांगून जात नाही. रोवणे सुरू झाले की दिवसभर धानाच्या बांधीत. मुलगी तीन महिन्यांची होती. जाऊबाई घरी.

पंप मी घेतला नव्हता. हातानंच काढायचे. सिस्टरनं शिकवलं होतं. हात साबणानं धुवायचे. आधी छातीला कोमट फडकं ठेवायचं, हलकं चोळायचं. मग अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी आत छातीकडे दाबायचं आणि मग बोटं एकमेकांकडे. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, त्यानं साल निघते. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही, तेव्हा घाबरून सोडून द्यावंसं वाटतं. मी मुलीची झबली मांडीवर ठेवायचे. पान्हा फुटला की दोन धारा लागतात. सुरुवातीला दोन्ही बाजू मिळून चार चमचे निघालं, मी रडले. पंधरा दिवसांनी अर्धी वाटी निघू लागलं. जेवढं काढलं जातं तेवढं अंग पुन्हा तयार करतं.

ठेवायचं कुठे? उकळलेल्या स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा माठाखालच्या ओल्या रेतीत. पावसाळा होता म्हणून जमलं. साधारण २५ डिग्रीला काढलेलं दूध चार तास चालतं असं सिस्टर म्हणाली, पण आमच्या घरात २५ कधी असतं? म्हणून मी तीन तासांच्या वर ठेवायचेच नाही. पहाटे काढलेलं सकाळी संपायचं. दुपारी बारा वाजता जाऊबाई मुलीला धुऱ्यावर घेऊन यायच्या, मी चिखलाचे हात धुवून तिथेच पाजायचे. मालकीणबाई पहिल्या दिवशी नाराज झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बसायला पोतं आणून टाकलं.

उरलेलं उष्टं दूध परत ठेवायचं नाही. मन होत नाही फेकायला, एवढ्या कष्टाचं असतं. म्हणून एकदम जास्त ओतायचंच नाही, चार-चार चमचे.

वरूड तालुका

आमच्याकडे फ्रीज आहे आणि तरी मुलगा घेत नव्हता. ताजं काढलेलं दिलं तर दोन घोट घ्यायचा. फ्रीजमधलं गरम करून दिलं की थुंकायचा. एक दिवस मी स्वतः चाखून पाहिलं. साबणासारखी चव! मला वाटलं डबा नीट धुतला नाही. नवा डबा आणला, तेच.

मग कळलं की काही जणींच्या दुधात चरबी फोडणारा घटक जास्त असतो, आणि थंड करून ठेवलं की तशी चव येते. दूध खराब झालेलं नसतं, पण काही लेकरांना चालत नाही. मी दूध काढल्याबरोबर छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवायचे, उकळी येऊ द्यायची नाही, आणि लगेच गंज थंड पाण्यात ठेवायचे. मग फ्रीज. त्यात थोडे गुण कमी होतात म्हणतात, पण मुलगा पिऊ लागला. तेव्हा बाटली नाकारणारं लेकरू कधी कधी बाटली नाकारत नसतं. चाखून बघा.

आशा कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा

माझ्या वस्तीत बहुतेक बाया मजुरीवर जातात. त्यांच्यासाठी बाटली हा उपाय नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. निंदायला जाणारी बाई सकाळी सातला निघते, मागे आठ वर्षांची बहीण लेकरू सांभाळते. ती बाटली कोण उकळणार? एका घरी मी निपल उघडून पाहिलं तर आत काळा थर होता. ते लेकरू महिन्यात तीनदा हगवणीनं पडलं होतं. आईला वाटत होतं दात येत आहेत. दुसऱ्या घरी डब्याचं दूध महिनाभर पुरावं म्हणून एका चमच्याच्या जागी अर्धा टाकत होते. रंग पांढरा दिसतो, पोटही भरतं, आणि वजन दोन महिने जागचं हललं नाही. रागावू कुणावर? डबा किती रुपयांना मिळतो ते मला माहीत आहे.

रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला ठेवायचं आणि तिलाही मजुरी द्यायची, असा नियम आहे. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आमच्या कामावर बायांनी मिळून मागितलं, मिळालं. मुलं कामाच्या जागीच असतात, पाजायला बाया येतात. ज्या आस्थापनात पगारी नोकरी आहे त्यांच्यासाठी कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यायची तरतूद आहे. हेही बऱ्याच जणींना माहीत नसतं.

चंद्रपूर जिल्हा

आमच्या घरी जमलंच नाही. धाग्याच्या सुरुवातीला ताईंनी विचारलं म्हणून.

पाच निपल, दोन महिने. नवरा, सासू, नणंद, शेजारीण, सगळ्यांनी प्रयत्न केले. मुलगी शेवटपर्यंत बाटलीकडे बघून ओठ घट्ट मिटायची. मी कामावर गेले तेव्हा ती साडेपाच महिन्यांची होती. दिवसभरात वाटीनं ऐंशी-नव्वद मिली घ्यायची, बस. बाकी सगळं मी घरी आल्यावर. रात्री चार-पाच वेळा उठायची, नुसती प्यायची. मला वाटायचं तिची सवय बिघडली. डॉक्टर म्हणाले, दिवसाचं ती रात्री भरून काढते आहे, वजन बघा. वजन वाढत होतं, लंगोट ओले होते. मग मी घड्याळ बघणं सोडलं. तिला बाजूला घेऊन झोपायचे, ती प्यायची, मी अर्धी झोपेत. त्या दिवसांत मी फार थकलेली होते, खोटं सांगत नाही. पण सहा महिने झाले, वरणाचं नुसतं पाणी नव्हे, कुस्करलेला वरणभात, नाचणीची खीर, मऊ गुरगुट्या भात सुरू झाला, आणि बाटलीचा विषय घरातून निघून गेला. सात महिन्यांची असताना ती पेल्यानं पाणी प्यायला लागली.

ताई, तुमचं बाळ शाळा उघडेल तेव्हा सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर असेल. तुम्हाला वर्षभराची सोय करायची नाही. तुम्हाला काही आठवडे काढायचे आहेत.

दारव्हा तालुका, धागा सुरू करणारी

चंद्रपूरच्या ताईंचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. आज जुलैचा दुसरा आठवडा, म्हणून सांगायला आले.

मध आणला नाही. माहेरी गेले नाही. सासूबाईंना आजींचं सगळं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि माळ्यावरून एक चांदीचं बोंडलं, लेकराला दूध पाजायची चोचीची वाटी, काढून आणलं. माझ्या नवऱ्याचं. चिंचेनं घासलं, उकळलं. मला माहीतही नव्हतं घरात ते आहे. बाटली बघून त्यांचा चेहरा का उतरायचा ते मला तेव्हा समजलं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

रोज सकाळी मी तासभर मागच्या अंगणात जायचे. पहिले तीन दिवस रडणं ऐकत तुळशीजवळ उभी राहिले. चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझी जुनी ओढणी खांद्यावर घेतली. सहाव्या दिवशी दोन चमच्यांएवढं पोटात गेलं. मग मी दोन तास गेले, मग शाळेच्या रस्त्यानं जाऊन परत आले. बाटली सासऱ्यांनी एकदा पावसात बंगईवर बसून दिली, अकोल्याच्या दादांसारखी तोंड बाहेर करून, तर वीस मिली प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. आता आम्ही आग्रह करत नाही.

शाळेचा पहिला दिवस फार अवघड गेला. तिसऱ्या तासाला छाती भरून आली, वर्गात मुलं पाढे म्हणत होती आणि ब्लाउज ओलं झालं. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जाऊन दूध काढलं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दाराशी उभ्या राहिल्या, कोणी येऊ नये म्हणून. आता रोज उभ्या राहतात. ते दूध बर्फाच्या डब्यात घरी येतं, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतं. दिवसाला दोनदा साठ-साठ मिली घेतो. रात्री तीनदा उठतो. गेल्या आठवड्यात वजन केलं, सात किलो शंभर. चार दिवसांपूर्वी भाताची पेज चाटवली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा उघडलं.

एक विचारायचं होतं. बोंडल्याच्या चोचीत आतून हात पोहोचत नाही. ती कशी घासायची?

आजी, वर्धा जिल्हा

चोच घासता येत नाही बाई, थे खरं हाये. कापसाच्या काडीनं घासा आन उकळत्या पाण्यात बुडवून धा मिन्टं ठेवा. पर मले इचाराल तं बोंडलं आता पुसून ठेवून द्या, त्याच्या पोराच्या कामी येईन. सहा महिन्याचं झालं नं? साधी चपट्या कडेची वाटी घ्या. दोन बोटं फिरवली का साफ.